सनद परत द्यावी काय?

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मी एका जिल्ह्यात भूसंपादन अधिकारी होतो. एका कालव्यासाठी जमिनी घेतल्या गेल्या होत्या. निवाडे जाहीर झाले होते, आणि ज्यांना मोबदला अपुरा वाटला ते शेतकरी १८९४ च्या भूसंपादन अधिनियमातील अठराव्या कलमाच्या आधाराने दिवाणी न्यायालयात गेले होते. तो अधिनियम आज राहिलेला नाही. २०१३ साली नवा कायदा झाला आणि १ जानेवारी २०१४ पासून तो अमलात आला. परंतु मी सांगतो ती हकीकत जुन्या कायद्याच्या काळातली आहे.

त्या शेतकऱ्यांत एक वृद्ध विधवा होती. बाजाराच्या दिवशी ती न चुकता कचेरीत येई आणि दाराशी बसून राही. तिचे म्हणणे एकच असे, "सरकारनं माझं वाढीव पैसं अजून दिलं न्हाईत." अखेर एके दिवशी मी तिचे प्रकरण मागविले. आमच्या नोंदीप्रमाणे वाढीव मोबदल्याची सारी रक्कम न्यायालयात केव्हाच भरलेली होती. न्यायालयाच्या नाझराकडे चौकशी केली, तेव्हा कळले की ती रक्कम दीड वर्षापूर्वीच तिच्या वकिलाने तिच्या वतीने उचलली होती. मी तिला नोंदवही दाखविली. तिला वाचता येत नव्हते. मी दाखविलेल्या ओळीवर तिने बोट ठेवले आणि विचारले, "म्हंजी सरकारनं दिलं?" मी म्हटले, "दिलं, आजी." ती म्हणाली, "मग मधी कुठं ऱ्हायलं?"

पुढे रीतसर तक्रार झाली, चौकशी झाली, आणि त्या वकिलाची सनद दोन वर्षांसाठी निलंबित झाली. ती मुदत संपत आली असता एके दिवशी सकाळी ते गृहस्थ माझ्याकडे आले. दोन वर्षे ते भावाच्या खताच्या दुकानात हिशेब लिहीत होते. ते म्हणाले, "साहेब, पुढच्या महिन्यापासून मी पुन्हा कोर्टात उभा राहू शकतो. पण बाररूममध्ये कोणी शेजारी बसू देईल असं वाटत नाही. माझी वर्तणूक आता चांगली आहे, असं दोन ओळींचं पत्र तुम्ही द्याल का?" मी विचारले, "वकीलसाहेब, त्या आजींचे पैसे?" ते खाली पाहत म्हणाले, "निम्मे दिले. बाकीचे हप्त्याने देतो आहे."

ते पत्र मी दिले की नाही, हे शेवटी सांगेन. परंतु त्या सकाळी जो प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला, तोच आज आपल्यापुढे ठेवावा असे मला वाटते. ज्याची सनद एकदा काढून घेतली, त्या वकिलाला ती पुन्हा द्यावी काय? आणि द्यायची, तर कशाच्या बळावर?

श्रोतेहो, 'सनद' हा शब्द आपल्याकडे अरबी भाषेतून आला. ज्याच्यावर टेकावे, ज्याचा आधार घ्यावा, ते सनद, असा त्याच्या मुळाशी अर्थ आहे. पेशवाईत इनामाची आणि वतनाची सनद असे. ती ज्याच्या हाती असे त्याला ती मिरविण्याची वस्तू वाटे. परंतु वकिलाची सनद ही वकिलाला मिळालेले इनाम नव्हे. तिच्यावर टेकतो तो अशील. न्यायालयाची भाषा ज्याला येत नाही, मुदती आणि कलमे ज्याला ठाऊक नाहीत, असा मनुष्य वकीलपत्रावर सही किंवा अंगठा करतो, तेव्हा आपली जमीन, आपला पैसा, प्रसंगी आपले स्वातंत्र्य तो एका परक्याच्या हाती देत असतो. या परक्याच्या हाती कागद दिलास तर तुझा घात होणार नाही, एवढी हमी ती सनद देते. मूळ अर्थ ध्यानात घेतला की आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर हाती येते. सनद परत देणे म्हणजे ती हमी समाजाने नव्याने देणे होय. म्हणून, वकिलाने पुरेसे भोगले काय, एवढेच विचारून भागत नाही. ही हमी आपण पुन्हा प्रामाणिकपणे देऊ शकतो काय, हेही विचारावे लागते.

आता कायदा काय म्हणतो ते थोडक्यात पाहू. १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाने वकिलांच्या शिस्तीचा अधिकार त्यांच्याच निवडून आलेल्या संस्थांकडे, म्हणजे राज्यांच्या बार कौन्सिलांकडे दिला. महाराष्ट्र आणि गोवा यांची अशी एकच परिषद आहे. पस्तिसाव्या कलमाप्रमाणे तिच्या शिस्तपालन समितीपुढे चार मार्ग असतात. तक्रार निकालात काढावी, वकिलाला समज द्यावी, ठरावीक काळापुरते त्याला निलंबित करावे, किंवा त्याचे नाव नामावलीतून काढून टाकावे. तिच्या निर्णयावर भारतीय बार कौन्सिलकडे आणि तेथून सर्वोच्च न्यायालयाकडे अपील करता येते. निलंबनाच्या काळात त्या वकिलाला देशातील कोणत्याही न्यायालयापुढे किंवा अधिकाऱ्यापुढे वकिली करता येत नाही.

येथे आम्हा सरकारी नोकरांच्या दृष्टीने एक गमतीचा भेद आहे. आमच्याकडे चौकशी चालू असता होणारे निलंबन ही शिक्षा मानली जात नाही. त्या काळात निर्वाहभत्ता मिळतो, आणि शिक्षा व्हायची तर ती चौकशीनंतर होते. वकिलाचे निलंबन हीच शिक्षा असते. त्याला भत्ता नाही. अशील दुसरीकडे जातात, ते बहुधा परत येत नाहीत, आणि तालुक्याच्या गावात तर ही वार्ता संध्याकाळपर्यंत प्रत्येक ओट्यावर पोचते. तेव्हा दोन वर्षांचे निलंबन कागदावर दोन वर्षांचे असले, तरी व्यवहारात ते पुष्कळदा आयुष्यभर पुरते. हे ध्यानात न घेता कठोर बोलणे सोपे असते.

परंतु दुसरी बाजूही पाहू. उत्तर प्रदेशातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या जानेवारीत निकाल दिला. तेथील एका वकिलाने आपल्या वृद्ध, गरीब, निरक्षर अशिलाच्या संपादित जमिनीचा मोबदला न्यायालयातून उचलला होता. रक्कम होती ८,११८ रुपये, आणि ती उचलली १९८७ च्या सप्टेंबरात. अशिलाला ती मिळाली नाही. तक्रार झाल्यावर, आपसांत समझोता झाला आणि फी वजा करून पैसे परत केले, अशा अर्थाचे प्रतिज्ञापत्र पुढे करण्यात आले. ते खोटे ठरले. बार कौन्सिलने तीन वर्षांचे निलंबन फर्माविले. वकील अपिलात गेला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने त्यालाच उलट विचारले की ही शिक्षा वाढवू का नये? आणि त्याचे नाव नामावलीतून काढून टाकले. अशिलाचा पैसा गिळणे हे वकिलाच्या अपराधांतील अत्यंत गंभीर अपराधांपैकी एक आहे, असे न्यायालयाचे मत पडले.

आठ हजार रुपयांसाठी एका माणसाची उपजीविका कायमची जावी काय? आकड्याकडे पाहिले तर शिक्षा मोठी वाटते. परंतु त्या निरक्षर म्हाताऱ्याने १९८७ साली गमावलेल्या पैशाचा निकाल त्याने २००२ साली ऐकला, हा हिशेबही मांडला पाहिजे. शिवाय पहिल्या अपराधावर खोट्या प्रतिज्ञापत्राचा दुसरा अपराध चढला होता. मोहाने एकदा पाय घसरणे निराळे, आणि घसरलेला पाय झाकण्यासाठी न्यायालयालाच फसविणे निराळे. मला वाटते, परतीच्या वाटेवर पहिली पायरी येथेच आहे. अपराध किती मोठा होता यापेक्षा, तो उघडकीस आल्यावर मनुष्य कसा वागला, यावरून त्याच्या पुढच्या वागण्याचा अंदाज अधिक चांगला बांधता येतो.

मग असे तर म्हणावे काय, की ज्याला न्यायालयाने दोषी ठरविले तो अविश्वासू, आणि ज्याला नाही तो विश्वासू? इतके सरळ गणित असते तर फार बरे झाले असते. आपल्याच देशाच्या इतिहासातले एक उदाहरण या गणिताला छेद देते. मोहनदास करमचंद गांधी यांना लंडनच्या इनर टेंपलने १० जून १८९१ रोजी बॅरिस्टर केले. १८ मार्च १९२२ रोजी अहमदाबादेस न्यायाधीश ब्रूमफील्ड यांनी त्यांना राजद्रोहाबद्दल सहा वर्षांची शिक्षा दिली. त्याच वर्षी १० नोव्हेंबरला इनर टेंपलने त्यांचे नाव काढून टाकले. गांधीजी अर्ज घेऊन त्या दारी पुन्हा गेले नाहीत. १९८८ साली, त्यांच्या मृत्यूनंतर चाळीस वर्षांनी, त्या संस्थेने आपण होऊन ते नाव परत घेतले. श्यामजी कृष्णवर्मा यांचे नाव त्याच संस्थेने १९०९ साली काढले होते, ते २०१५ साली परत घेतले.

१९२२ साली गांधीजींची सनद गेली, त्या दिवशी हिंदुस्थानात असा एक तरी अशील असेल काय, की ज्याने आपले कागद त्यांच्या हाती द्यायला कां कूं केले असते? दक्षिण आफ्रिकेत वकिली करीत असता, आपल्याच अशिलाच्या फायद्याची ठरलेली हिशेबातील चूक त्यांनी न्यायालयापुढे आपण होऊन कबूल केली होती, हे आत्मकथेच्या वाचकांना ठाऊक आहे. सारांश, शिक्षा झाली म्हणजे विश्वास गेला असे नाही. आपल्या अधिनियमातही हा विवेक अंशतः उतरला आहे. चोविसाव्या कलमाच्या 'अ' भागात सनद नाकारण्याचे जे कारण दिले आहे, ते केवळ शिक्षा झाल्याचे नाही. ज्यात नैतिक अधःपात आहे अशा गुन्ह्याबद्दल शिक्षा झाली असली पाहिजे. मात्र त्याच कलमात पुढे असे आहे, की सुटकेनंतर दोन वर्षे लोटली की ही अपात्रता संपते. मला अडचण वाटते ती येथे. नैतिक अधःपात हा कॅलेंडरची पाने उलटून बरा होणारा आजार आहे काय? दोन वर्षांत एखादा मनुष्य ऋषी होईल, दुसऱ्याला वीस वर्षेही पुरणार नाहीत. काळ ही पश्चात्तापाला मिळालेली संधी असते. काळ लोटला म्हणजे पश्चात्ताप झालाच, असे होत नाही.

तर मग कबुली ही कसोटी धरावी काय? याबाबत अमेरिकेतील एक प्रकरण विचार करायला लावणारे आहे. अल्जर हिस हे अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यातील मोठे अधिकारी होते. खोटी साक्ष दिल्याबद्दल १९५० साली त्यांना शिक्षा झाली आणि सुमारे चव्वेचाळीस महिने त्यांनी तुरुंगात काढले. १९५२ साली मॅसॅच्युसेट्स राज्यातील त्यांची सनद गेली. मी निरपराध आहे, हे त्यांचे म्हणणे अखेरपर्यंत कायम राहिले. सत्तरीच्या घरात आल्यावर त्यांनी सनद परत मागितली. वकिलांच्या शिस्तमंडळाची शिफारस त्यांच्याविरुद्ध होती. ज्याला पश्चात्तापच नाही तो सुधारला असे कसे म्हणावे, हा मंडळाचा सवाल होता. परंतु १९७५ साली त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सनद परत दिली. त्यांचा दोष न्यायालयाने पुसला नाही, तो कायमच धरला. पण जो मनापासून स्वतःला निर्दोष समजतो, त्याच्याकडून सनदेची किंमत म्हणून कबुली वसूल करणे म्हणजे त्याला खोटे बोलायला लावणेच होय, असा त्या निर्णयाचा रोख होता. त्याचे मधल्या वर्षांतील आचरण आणि आजची लायकी पाहावी, असे न्यायालयाने मानले.

हिस दोषी होते की नव्हते, याबद्दल तिकडे अजूनही वाद आहे. त्या वादात आपण शिरण्याचे कारण नाही. आपल्याला एवढे घेता येईल, की तोंडची कबुली ही फार विश्वासार्ह कसोटी नव्हे. अश्रू काढणे हे वकिलाला इतरांपेक्षा अधिक साधते, असे कोणी म्हटले तर वकील मंडळींनी रागावू नये. मग उरते ते आचरण. आणि आचरणाच्या काही खुणा अशा आहेत, की त्या कोणालाही मोजता येतात.

पहिली खूण भरपाईची. ज्याचे नुकसान झाले, त्याचे ते भरून दिले काय? आणि ते निलंबनाचा हुकूम निघण्यापूर्वी दिले, की सनद परत मिळण्याची वेळ जवळ आल्यावर? दुसरी खूण आज्ञापालनाची. बंदीच्या काळात वकिलाने खरोखर वकिली थांबविली, की धाकट्या वकिलाच्या नावाने कागद पुढे सरकवीत आपणच मागून काम चालविले? ज्याने शिक्षाच चुकविली, त्याला शिक्षा भोगल्याचे श्रेय कसे द्यावे? तिसरी खूण ही, की ज्या दुबळेपणातून अपराध घडला तो आता कितपत उरला आहे. कर्ज होते तर ते फिटले काय? व्यसन होते तर ते सुटले काय? अशिलाचा पैसा आणि आपला पैसा एकाच खिशात ठेवण्याची सवय होती, तर आता निराळा हिशेब ठेवला जातो काय?

आपल्याकडे ठरावीक मुदतीचे निलंबन संपले की वकील आपोआप परत येतो. यांपैकी एकही प्रश्न त्याला विचारला जाईलच असे नाही. उलट ज्याचे नाव नामावलीतून गेले, त्याला परत येण्याची स्वतंत्र आणि तपशीलवार रीत अधिनियमाने घालून दिलेली नाही. म्हणजे एका दाराला कडी नाही आणि दुसऱ्या दाराला उंबरठाच नाही. मला स्वतःला असे वाटते, की दोन्ही दारे सारखी असावीत. निलंबित वकिलाने मुदत संपल्यावर शिस्तपालन समितीपुढे येऊन या तीन गोष्टींचा हिशेब द्यावा. आणि ज्याचे नाव काढले गेले, त्यालाही पुरेशी वर्षे लोटल्यावर तोच हिशेब देण्याची एक संधी असावी. सिद्ध करण्याचा भार अर्थातच मागणाऱ्यावर राहील. कोणत्याही मनुष्याला, तू आता कधीच सुधारू शकणार नाहीस, असे सांगण्याइतके शहाणपण कोणत्याही समितीजवळ नसते. पण सुधारणा गृहीत धरण्याचा अधिकारही समितीला नाही, कारण अंदाज चुकला तर भुर्दंड समितीला पडत नाही, तो पुढच्या अशिलाला पडतो.

वकील मंडळी यावर म्हणतील की हा छळ आहे, एका अपराधाला दोनदा शिक्षा आहे. या आक्षेपात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. ज्याने मुकाट्याने दोन वर्षे काढली, त्याला पुन्हा पिंजऱ्यात उभे करणे हे कष्टाचे खरेच. परंतु आगगाडीच्या चालकाची दृष्टी एकदा अधू झाली, तर त्याला पुन्हा इंजिनावर चढविण्यापूर्वी डोळे तपासून घेतात, आणि त्याला आपण शिक्षा म्हणत नाही. मागे बसलेल्या उतारूंची ती काळजी असते.

आता त्या पत्राविषयी. मी ते दिले नाही. मी त्या गृहस्थांना म्हटले, "माझ्या पत्रानं तुमची सनद येत नाही, ती कायद्यानंच येणार आहे. तुम्हाला जे हवं आहे ते माझ्यापाशी नाही." ते काही बोलले नाहीत. नमस्कार करून निघून गेले. मला त्या दिवशी बरे वाटले नाही. मनुष्य माझ्या दारी हात पसरून आला होता, आणि मी त्याला एक तात्पर्य देऊन पाठविले, असे वाटत राहिले.

पुढे वर्षभराने कालव्याच्या कामासाठी त्या गावी जाणे झाले. ती म्हातारी भेटली. वकिलाने शेवटचा हप्ता दिला होता. मुद्दल फिटले होते. व्याजाची गोष्ट त्याने काढली नव्हती, आणि तिनेही नाही. मी सहज विचारले, "आजी, आता पुन्हा काही काम निघालं, तर त्यांच्याकडं कागद द्याल का?"

तिने जरा विचार केला. मग म्हणाली, "पैसं दिलं, चांगलं केलं. त्येलाबी पोरंबाळं हायती, त्येनं कोर्टात जावं. मी मातुर कागद देनार न्हाई. दुसऱ्या कुनी द्यावा का न्हाई, ते ज्येचं त्येनं बघावं. पन त्येला आधी सांगा तरी."

सनद परत द्यावी काय, या प्रश्नावर मी पुष्कळ निकाल वाचले आहेत. "आधी सांगा तरी" या तीन शब्दांत त्या बाईने जे मागितले, ते त्यांतल्या बहुतेकांत मला स्पष्टपणे सापडले नाही. सनद परत द्यावी. तपासून द्यावी, आणि भरपाई झाल्यावर द्यावी. पण ती गुपचूप देऊ नये. वकील का निलंबित झाला, त्याने काय भरून दिले, कोणत्या अटीवर तो परत आला, हे तालुक्याच्या न्यायालयाच्या फलकावर, अशिलाला कळेल अशा मराठीत लागले पाहिजे. ते वाचून, किंवा कोणाकडून वाचून घेऊन, ज्याला त्या वकिलावर विश्वास टाकायचा असेल तो टाकील. त्या विश्वासाने वकिलाला जे मिळेल, ते कोणत्याही अधिकाऱ्याच्या दोन ओळींच्या पत्राने मिळणारे नाही.